नवी कयाक, पानशेतचं पाणी आणि घाईत पाडलेली नऊ भोकं

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

मासे धरायला घेतलेली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, आली. दहा फुटी, वर बसायची, नारिंगी रंगाची. वल्हं आणि खुर्ची धरून ४८,५०० रुपये. कागदावर वजन २७ किलो लिहिलंय. गोडाऊनमधून आणताना मेव्हण्याला आणि मला दोघांनाही शंका आली, म्हणून वाटेत भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. खुर्चीसकट ३१ भरली. तुम्ही घेणार असाल तर आधी हे विचारा की वजन रिकाम्या सांगाड्याचं आहे की सगळ्या सामानाचं. चार किलो कागदावर काहीच वाटत नाहीत, पण गाडीच्या टपावर एकट्याने चढवताना ते खांद्याला कळतात.

वॅगन-आरला कॅरिअर नाही. पोहण्याच्या तलावात मुलं घेतात ते फोमचे लांब दांडके मध्ये चिरून टपावर ठेवले, दारांतून पट्टे आवळले, पुढच्या-मागच्या टोकाला दोरी. पट्टे आणि फोम १,८५० रुपये. ताशी पन्नासच्या वर गेलं की पट्टा भुंग्यासारखा घोंगावतो. पट्ट्याला एक पीळ दिला की आवाज बंद होतो. हे कळायला धायरीपर्यंतचा सगळा रस्ता गेला.

आता ती पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "हे किती दिवस?" एवढंच विचारलं. आई मात्र पानशेतला जाणार म्हटल्यावर गप्प झाली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत आठ वर्षांची होती. पानशेत म्हटलं की तिला अजून पूरच आठवतो.

४ नोव्हेंबर

आज जे केलं ते करू नका. आधी कबुली देतो, पुढचं सगळं त्यातूनच आलं.

कयाक अजून पाण्यात गेली नव्हती आणि मी ड्रिल हातात घेतलं. व्हिडिओ बघून बघून डोक्यात चित्र पक्कं झालं होतं: मागे दोन्ही बाजूंना गळाच्या काठ्या ठेवायला होल्डर, उजव्या हाताशी नांगराची दोरी अडकवायला खुंटी, पुढे फिश-फाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) पट्टी आणि त्याच्या वायरसाठी एक भोक. फिश-फाइंडर मी अजून घेतलेलाही नाही.

हिशेब असा: होल्डरची दोन मोठी भोकं (होल-सॉ या गोल करवतीने, ४८ मि.मी.), खुंटीची दोन, पट्टीची चार, वायरचं एक. एकूण नऊ. होल्डर बोहरी आळीतून आणलेल्या पीव्हीसी पाइपचे बनवले, खालून टोपण. टोपण इतकं घट्ट बसलं की सोल्यूशन लावायचा कंटाळा केला. सगळ्या स्क्रूंभोवती सिलिकॉन फासलं. दोन संध्याकाळी गेल्या आणि दिसायला झकास झालं. कापून निघालेल्या दोन नारिंगी चकत्या ड्रॉवरमध्ये टाकून दिल्या. या सगळ्या उद्योगात एवढीच एक गोष्ट शहाणपणाची झाली, तीही नकळत.

१० नोव्हेंबर, पहिलं पाणी

खडकवासला घरापासून जवळ आहे, पण ते शहराचं पिण्याचं पाणी आणि समोरच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए). तिथे नवशिक्याने नवी नाव घालून भलतीकडे वाहत जाणं नको. म्हणून पानशेत. डोणजे, खानापूर करत धरणापर्यंत, आणि तिथून फुगवट्याच्या काठाने शिरकोलीच्या दिशेने. उतरण्याआधी काठावरच्या वस्तीत विचारलं. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो, कुणाची जाळी कुठे लागली आहेत हे त्यांनाच माहीत. गळाला आक्षेप नाही, जाळ्यांपासून लांब राहा, असं उत्तर मिळालं. तिथेच तात्या भेटले. सत्तरीचे असतील. थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून, हातात फळीचा तुकडा घेऊन जाळं बघायला निघाले होते. माझ्या कयाकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, येवढं सामान कशापायी? मासा दोन किलोचा न् पसारा दहाचा."

सव्वासातला पाण्यात. तात्या म्हणाले ते अर्ध्या तासात पटलं.

होल्डर कोपराच्या मागे आहेत. वल्हं मागे ओढलं की त्याचं पातं प्रत्येक वेळी काठीला लागतं. काठी घ्यायची तर कमरेतून मागे वळावं लागतं, आणि वळलं की कयाक त्याच बाजूला कलते. घरी जमिनीवर बसून मी हे दहा वेळा करून पाहिलं होतं. जमीन कलत नाही.

बूड पूर्ण वेळ ओलं. बसायच्या जागेला आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी खाली जायला. माझं वजन ८२ किलो. एवढ्या वजनाने कयाक खाली बसते आणि त्याच भोकांतून पाणी वर येतं. रबरी बुचं सोबत मिळाली होती ती सगळीच्या सगळी लावली, तर वल्ह्यावरून गळणारं पाणी आत साठायला लागलं. शेवटी खुर्चीखालच्या दोनांना बुचं आणि मागची दोन उघडी, यावर आलो. तुमचं वजन कमी असेल तर कदाचित एकही लागणार नाही.

अडीच तास, मासे शून्य. गाडीवर चढवताना आतून गडगड असा आवाज आला. थोडं पाणी शिरलं असेल म्हणून सोडून दिलं.

१७ नोव्हेंबर

सोडून द्यायला नको होतं. तासाभरात मागचं टोक जड झालं, वळवायला दुप्पट वल्ही लागली, आणि कयाक डावीकडे जराशी कलली की कलतच जायची. आधी वाटलं माझाच तोल. नंतर लक्षात आलं की आत मोकळं पाणी असेल तर ते कललेल्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. घागर अर्धी भरली की डोक्यावर डुचमळते, तसंच. नुसतं वजन असतं तर कयाक फक्त खाली बसली असती. पाणी वजन घेऊन पळतं.

काठावर येऊन सांगाड्याच्या पोटातलं पाणी काढायचं मागचं बूच काढलं आणि बादलीत मोजलं. अकरा लिटर.

मेव्हणा काठावरून म्हणाला, "दाजी, मासे आतच पाळायचे का?"

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दुपारी गळती शोधायला बसलो.

पाणी भरून बघायचं नाही. ते भलतीकडूनच बाहेर येतं आणि कयाक उचलताही येत नाही. मागच्या बुचाच्या भोकाला कॉम्प्युटर साफ करायचा छोटा ब्लोअर लावायचा (मेव्हण्याच्या दुकानातला), भोवती फडकं कोंबायचं आणि अगदी हलकी हवा सोडायची. जास्त हवा नको, सांगाडा फुगतो. मग भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे फासायचं.

फिश-फाइंडरच्या पट्टीच्या चारही स्क्रूंभोवती बारीक बुडबुडे आले, मोहरीएवढे. खुंटीच्या एका स्क्रूला थोडे. वायरचं भोक, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता, एकदम कोरडं. आणि उजव्या होल्डरच्या नळीतून फेस असा उसळला, जसं दूध उतू जातं. बॅटरी मारून आत बघितलं तर नळीला बूडच नव्हतं. चिकटवायचा कंटाळा केलेलं ते टोपण आत पडलं होतं. वाकवलेल्या तारेने पुढच्या झाकणातून बाहेर काढायला पाऊण तास लागला.

हा होल्डर मी सामानाच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बसवला होता, आणि त्या कोपऱ्यात मागच्या भोकांतून आलेलं बोटभर पाणी कायम उभं असतं. म्हणजे साठलेलं पाणी थेट पोटात सोडायची नळी मी स्वतःच्या हाताने बसवली होती.

संध्याकाळी सगळे स्क्रू काढून भोकांत इपॉक्सीची पुट्टी भरली. सकाळी नखाने सोलून निघाली, पापडासारखी. कयाकचं प्लास्टिक पॉलिथिलीन असतं, त्याला जवळजवळ काहीच धरत नाही. सिलिकॉनही धरत नाही, ते फक्त स्क्रूखाली दाबलेलं असेल तेवढं काम करतं. यात २८० रुपये आणि एक रात्र गेली.

२४ नोव्हेंबर

इथे पुण्यात कयाक दुरुस्त करणारा शोधत फिरू नका. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना वेल्डिंग करणारा शोधा. टाकीही पॉलिथिलीनचीच, तशाच फिरत्या साच्यात भाजून काढलेली. आमच्या रस्त्यावर सायकलवरून फिरणारा एकजण आहे, त्याला थांबवून पार्किंगमध्ये आणलं. त्याने बोटाच्या पेराने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि विचारलं, "टाकीच आहे की. आडवी का केली?"

त्याच्याकडची पट्टी काळी. तेव्हा ड्रॉवरमधल्या चकत्या आठवल्या. तो खूश झाला. त्याच मालाचा तुकडा असला की जोड चांगला होतो, म्हणाला. होल-सॉच्या पात्याइतकी फट उरते, ती त्याने चकतीची कड गरम करून पसरवून आणि बाजूने बारीक पट्टी वितळवून भरली. मी बघत होतो ते सांगतो, कारण पुढच्या वेळी कदाचित स्वतः करावं लागेल. गरम हवेचा झोत दोन्ही कडांवर एकदमच फिरवायचा. प्लास्टिक आधी मऊ पडतं, मग त्याच्यावर ओल्या काचेसारखी चकाकी येते. चकाकी आली की हवा बाजूला आणि चपट्या लोखंडाने दाब. चकाकीआधी दाबलं तर नुसतं चिकटल्यासारखं दिसतं आणि गार झाल्यावर उकलतं. चकाकीनंतर दोन सेकंद जास्त थांबलं तर भोकच मोठं होतं. दाबून झाल्यावर हात लावू दिला नाही, चहा होईपर्यंत.

सगळी नऊ भोकं बुजवली, ६०० रुपये. पुन्हा ब्लोअर, पुन्हा साबण. एकही बुडबुडा नाही. दोन चकत्यांच्या जागी नारिंगीवर नारिंगी वण दिसतात, बाकी सात काळे ठिपके.

१ डिसेंबर

आज गळ नेलाच नाही. बायकोची अट होती: मुद्दाम पडून, स्वतःचं स्वतः वर चढून दाखवल्याशिवाय खोल पाण्यात जायचं नाही. मला हे जरा जास्तीचं वाटत होतं.

छातीएवढं पाणी, मेव्हणा शेजारी उभा, लाइफ जॅकेट अंगात. कयाक पालथी घातली. ती सरळ करणं सोपं: लांबची कड धरून अंगाकडे ओढायची. चढणं तीनदा फसलं. पहिल्यांदा मी जिन्यावर चढावं तसा गुडघा टाकला आणि कयाक अंगावर आली. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पोट कडेपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मेव्हणा हसत होता, पण त्यानेच कारण शोधलं. जॅकेटच्या पुढच्या खिशात पक्कड, गळांची डबी आणि चष्म्याचं केस असा मुठीएवढा फुगवटा होता. तोच कडेला अडकत होता.

खिसा रिकामा केला. मग: मधोमध यायचं, दोन्ही हात पलीकडच्या कडेवर, आधी पाय मागे पाण्याच्या वर येईपर्यंत मारायचे, अंग आडवं झालं की पोटावर सरपटत आत, मग कुशीवर वळून बूड जागेवर, पाय सगळ्यात शेवटी. चौथ्यांदा जमलं. त्यानंतर सलग पाच वेळा केलं, शेवटच्या दोन वेळा पाय टेकत नाहीत अशा ठिकाणी. दोन तासांत दात वाजायला लागले, त्यामुळे थांबलो.

बुडालं काय: ३५० रुपयांची पक्कड. मोबाइल हवाबंद पिशवीत होता, तरंगत राहिला. आता काठी, वल्हं, पिशवी, सगळ्याला दोरी आहे. दोऱ्या आखूड ठेवल्या आहेत, कारण लांब दोरीत पाय गुंततो, आणि जॅकेटच्या खांद्याला एक छोटी सुरी.

८ डिसेंबर

आत पाणी शून्य. बूच काढल्यावर चार थेंब पडले, तेही बहुतेक दवाचे.

नांगराचं मात्र सांगायला हवं. दीड किलोचा चार आकड्यांचा नांगर होता. खुंटी काढून टाकल्यामुळे दोरी बाजूच्या हँडललाच बांधली, खुर्चीच्या शेजारी. वारा नव्हता तोवर ठीक. वाऱ्याची झुळूक आली, कयाक आडवी झाली, दोरी ताणली आणि ती कड पाण्याकडे ओढली जायला लागली. मी सवयीने दोरी बघायला त्याच बाजूला वाकलो. पाणी मांडीवर आलं तेव्हा कळलं. नांगर बाजूला कधीच बांधायचा नाही, पुढच्या किंवा मागच्या टोकालाच.

त्यातून नांगर वर येईना. खाली बुडालेल्या शेतांचे दगडी ताल (बांध) आहेत, त्यात आकडा रुतला असणार. वीस मिनिटं सगळ्या बाजूंनी ओढून पाहिलं, शेवटी सुरीने दोरी कापली. ७५० रुपये पाण्यात, शब्दशः.

तात्या लांबून बघत होते. काठावर आल्यावर म्हणाले, "आकडा कशाला पायजे? धोंडा घ्या. धोंडा अडकत न्हाय, अडकला तर धोंड्याचं काय जातं?" आता कांद्याच्या जाळीच्या पिशवीत तीन किलोचा गोल गोटा आहे. दोरी पुढच्या टोकाच्या हँडलमधून ओवून हाताशी आणली आहे, म्हणजे ओढ टोकावर येते आणि सोडणं-ओढणं बसल्या जागी होतं. एकही भोक पाडावं लागलं नाही.

२२ डिसेंबर

वारा. सकाळी पाणी ताटात ओतल्यासारखं होतं, त्या नादात दीड किलोमीटर आत गेलो, पंचवीस मिनिटांत. साडेअकराला दरीतून समोरचा वारा सुटला. परत यायला एक तास दहा मिनिटं. लाटा फूटभरही नव्हत्या, पण वल्हं थांबवलं की मागे जात होतो. मग काठाला धरून, उंचवट्यांच्या आडोशाने, तुकड्या-तुकड्यांत आलो. मेव्हण्याने तोवर दोनदा फोन केला होता, तो हवाबंद पिशवीत वाजत होता आणि माझे हात वल्ह्यावर.

आता साडेदहाला तोंड फिरवायचं, मासे लागत असले तरी. आणि वारा असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर तो घरी आणून सोडतो. दुसऱ्या दिवशी तळहाताला दोन फोड.

२९ डिसेंबर

पहिले मासे. दोन चिलापी, गांडुळावर, बुडालेल्या झाडाच्या खोडाजवळ. पावपाव किलोच्या. आणि एक शिंगटा, ज्याने पंधरा मिनिटं जागेवर खिळवून ठेवलं.

काठावर शिंगटा ओढून काढला तर तो जमिनीवर पडतो, आपण लांब उभे राहतो. कयाकमध्ये तो येतो थेट मांड्यांमध्ये. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा, तिन्ही ताठ. काटा सांध्यात अडकवून उभा धरतो तो, दाबून मिटत नाही. मी पाय फाकवून, गुडघे वर घेऊन बसलो होतो आणि तो किर्र-किर्र आवाज करत खुर्चीकडे सरकत होता. पक्कड आता दोरीने बांधलेली आहे, पण दोरी इतकी आखूड की पायापर्यंत पोचेना. शेवटी ओलं फडकं टाकलं, काट्यांच्या मागून धरला आणि गळ कापून टाकला. दोरी वीतभर वाढवली आहे.

काठीची जागाही ठरली. मागे भाजीचं प्लास्टिक क्रेट, त्याला केबल-टायने बांधलेला पीव्हीसीचा एकच तुकडा, उभा, पाठीच्या बरोबर मधोमध. वल्हं लागत नाही. दुसरी काठी आणणंच बंद केलं.

१२ जानेवारी २०२५

खालच्या धरणात पाणी सोडल्यामुळे पातळी उतरली आहे. नोव्हेंबरात जिथे गाडीपासून पाच पावलांवर पाणी होतं तिथे आता मुरूम आणि पुढे गाळाचा पट्टा. लहान मुलांच्या सायकलच्या चाकांचा गाडा बनवला होता (४०० रुपये), मुरमावर पळतो, गाळात बसतो. शेवटचे वीस फूट ओढतच न्यावी लागली आणि तळाला ओरखडे आले. रुंद चाकं बघतोय.

तात्यांना आज बसवलं. नको नको म्हणत बसले, वल्हं उलटं धरलं, तरी जाळ्याच्या शेवटच्या बाटलीपर्यंत जाऊन सरळ परत आले. खुर्ची फार मऊ आहे, झोप लागेल, असं त्यांचं मत पडलं.

हिशेब. कयाक ४८,५००. लाइफ जॅकेट २,२००, यात काटकसर केली नाही. पट्टे-फोम १,८५०. गाडा ४००. हे सगळं वापरात आहे. वाया गेलेलं: होल्डर, खुंटी, पट्टी आणि स्टीलचे स्क्रू मिळून १,६४०, पुट्टी २८०, वेल्डिंग ६००, पक्कड ३५०, नांगर ७५०. म्हणजे ३,६२० रुपये आणि तीन रविवार.

होल्डरची जोडी, खुंटी आणि फिश-फाइंडरची पट्टी एका खोक्यात घालून माळ्यावर टाकली आहे. कुणाला हवी असेल तर धायरीला येऊन घेऊन जा. टोपण मात्र चिकटवून घ्या.